अर्धा साकव सरकारचा

"बा देवा म्हाराजा," बाबल गुरवाने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं, "आज तुझ्या पायाकडे व्हाळाच्या दोन्ही अंगाची लेकरा जमली आसत. ह्यांचो साकवाचो घोळ झालेलो आसा. अर्धे म्हणतत साकव सरकारान बांधूचो, अर्धे म्हणतत आपण बांधूचो. तर ह्या भांडणाचो काय तो एकदाचो निकाल लाव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

मी बायकांच्या घोळक्यात खांबाआड उभी होते. माझं 'होय म्हाराजा' जरा जोरातच निघालं आणि आयेने मला चिमटा काढला. काढू दे. त्या साकवावरून मार्गशीर्षात माझा नवरा यायचा होता, आणि साकवाचा अजून पत्ता नव्हता.

आमचा गाव मालवणच्या बाजूचा. गावाच्या मधून व्हाळ वाहतो. थोडं खाली जाऊन तो खाडीला मिळतो, म्हणून भरतीला त्यात गळ्याएवढं पाणी चढतं आणि ओहोटीला पाण्याची अरुंद धार आणि गुडघाभर चिखल उरतो. अलीकडे आमची धुरीवाडी, पलीकडे कुबलवाडी. पावसाळ्यात साकव वाहून जायचा आणि दसरा झाला की दोन्ही वाड्यांतले लोक माडाचे आणि पोफळीचे ओंडके आणून नवा बांधायचे. साकव म्हणजे काय, एका माणसाच्या रुंदीचा लाकडी पूल. मधे दोघं समोरासमोर आले की एकाने मागे जायचं. मी आले की कुबलांचा सगुण नेहमी मागे जायचा. एकदा तो मागे गेला नाही आणि मीही गेले नाही, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

दोन्ही घरांनी लग्नाला होकार दिला होता. सुपारी फुटली होती. आणि त्याच वर्षी माझे वडील, म्हणजे आबा, नोकरीतून निवृत्त होऊन कायमचे घरी आले.

आबा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. पण बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, कचेरी हेच चालवत होते आणि साहेब यांना चहा आणून देत होते. दप्तरं बांधायच्या लाल फिती ते घरी घेऊन यायचे. आमच्याकडे भोपळ्याचा वेल लाल फितीने बांधलेला, छत्रीची काडी लाल फितीने बांधलेली आणि शाळेत असेपर्यंत माझ्या वेण्याही लाल फितीच्याच. सरकारवर त्यांचा जीव होता. चुलीवर दूध उतू गेलं तरी म्हणायचे, "सरकारान कायतरी करूक होया." हात मोडला तेव्हा मात्र ते शेजारच्या गावातल्या वैदूकडे गेले, कारण सरकारी दवाखान्यात रांग असते.

माझे होणारे सासरे केशव कुबल, गावाचे दाजी. त्यांची भाताची गिरण होती. त्यांना सरकार या शब्दानेच ठसका लागायचा. गिरणीत बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "सरकारान फकस्त एक काम करूक होया. वाटेतसून बाजूक जावक होया." त्या गिरणीवरचे पत्रे सरकारी योजनेतले होते, पण ते भाताच्या कोंड्याने इतके माखले होते की दाजींना ते दिसत नसावेत.

हे दोघं एका बाकावर बसून शिकलेले. एकमेकांवाचून दोघांनाही चैन पडत नसे.

त्या वर्षी दसऱ्याला ओंडके काढायची वेळ आली तेव्हा आबा मधे उभे राहिले. "हात लावू नका," म्हणाले. "मी साहेबाशी बोलून इलंय. सिमेंटचो साकव मंजूर करून घेतंय."

"आणि तोवर?" दाजींनी विचारलं.

"तोवर वाट बघूची."

"माझ्या आज्यान बांधलो, बापाशीन बांधलो, मी बांधतंय. सरकाराक कित्याक सांगूक होया?"

"दरवर्षी वाहून जाता, म्हणून."

"दरवर्षी वाहून जाता म्हणून दरवर्षी गाव एकठय येता," दाजी म्हणाले. "आज तुझा सरकार साकव देतला. उद्या त्याच्यावर नाको बसयतला. परवा माझ्या झिलाक म्हणतला, न्हवरो होवन जातंस तर अर्ज कर."

"करू दे अर्ज. मी लिवन देतंय."

"सिमेंटच्या साकवावरसून माझो झील येवचो नाय."

"आणि सुंभान बांधलेल्या ओंडक्यावरसून माझा चेडू सासराक जावचा नाय."

ते ओंडके तिथेच राहिले आणि माझं लग्नही तिथेच राहिलं. सगुण ओहोटीला चिखलातून यायचा, पण चिखलाने भरलेल्या पायांनी काही ठरवता येत नाही. शेवटी गावाने म्हटलं, देवाला विचारू.

आमच्याकडे देवाला विचारतात ते असं. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि गप्प बसायचं. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. याला कौल म्हणतात आणि त्याच्यापुढे कोणी बोलत नाही. उजवी म्हणजे सरकार, डावी म्हणजे गाव, असं बाबलने देवाला नीट समजावून सांगितलं.

आम्ही बघत राहिलो. आबा उजवीकडे बघत होते, दाजी डावीकडे. मी देवाच्या तोंडाकडे बघत होते. पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग दोन्ही एकदम पडल्या.

देवळात कुजबूज सुरू झाली. असं बाबलच्या आज्याच्या काळातही झालं नव्हतं.

"उजवी आधी पडली," आबा म्हणाले. "केसभर आधी. मी बघलंय."

"कचेरीत जसा बघतात तसा बघलंस मा?" दाजी म्हणाले.

"परत लावया," कोणीतरी म्हणालं. पण परत लावायच्या म्हणजे देवावर अविश्वास. दोघं बाबलकडे बघायला लागले. बाबल सकाळपासून उपाशी होता आणि सूर्य डोक्यावर आला होता. त्याने पाषाणाकडे पाहिलं, नैवेद्याच्या ताटाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"देव म्हणता, अर्धो अर्धो," बाबल म्हणाला. "व्हाळाच्या मधापर्यंत धुरीवाडीचो, तो सरकारान बांधूचो. मधापासून पलीकडे कुबलवाडीचो, तो गावान बांधूचो. कोणी मधाच्या फुडे पाय टाकूचो नाय."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले, कारण सगळ्यांनाच भूक लागली होती.

मी खूश झाले. अर्धा आणि अर्धा मिळून एक होतो, एवढं गणित मला येत होतं.

आबा दुसऱ्याच दिवशी तालुक्याला गेले आणि तोंड पाडून परत आले. अर्धा साकव बांधायची योजनाच सरकारकडे नव्हती. पूर्ण साकवाची होती; अर्ध्याची काय, पाव साकवाचीही नव्हती. आबा कचेरीच्या पायरीवर बसले असताना एका जुन्या कारकुनाला त्यांची दया आली. तो म्हणाला, "धुरी, एका बाजूने पाण्यात जातं आणि दुसऱ्या बाजूला टेकत नाही, त्याला आपल्याकडे धक्का म्हणतात. होड्या लावायचा धक्का. तो मंजूर करून देतो."

अशा रीतीने आमच्या व्हाळाला धक्का मिळाला. गावात होडी एकच होती आणि ती डांबर लावायला किनाऱ्यावर उपडी घातलेली होती.

धक्का मोजायला एक तरुण साहेब आला. तो ओहोटीला आला, कारण भरतीला त्याचे बूट भिजले असते. त्याने पाण्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप धरली, बरोबर मधे खुंटी मारली आणि चहा पिऊन गेला. आबांनी ती खुंटी लाल फितीने बांधून ठेवली. मग सिमेंट आलं, गवंडी आले. काम वाळेपर्यंत त्यावर ओली किंतानं टाकली आणि पुढे आडोशाला झावळांचा कूड उभा केला. "पलीकडचे नदर लावतले," आबा म्हणाले.

पलीकडे दाजींनीही काम काढलं. पण ओंडके वरच्या बागेतून आणायचे तर भरतीच्या पाण्यात तरंगवत आणणं सोपं, म्हणून ते लोक रोज भरतीला कामाला लागत. त्यांनीही पाण्याची ही कड ते ती कड दोरी धरली आणि बरोबर मधे बांबू रोवला. ओंडके दिसू नयेत म्हणून दाजींनीही त्यांच्या बाजूला झावळांचा कूड घातला. "सरकाराक कामाची चोरी करूची सवय आसता," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या बाजूचा काठ उभा आहे. त्यांच्या बाजूला सपाट चिखल. भरतीचं पाणी सगळं त्यांच्याकडे पसरतं. ही गोष्ट दोन्ही वाड्यांतल्या पोराटोरांना माहीत आहे. पण खुंटी मारताना ती कोणाच्या डोक्यात आली नाही, कारण पलीकडे बघायचंच नाही असं दोघांनी ठरवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही कूड एकदम काढले. आमच्याकडून आबांनी नारळ फोडला, तिकडून दाजींनी. मग दोघांच्याही हातात फुटका नारळ तसाच राहिला.

दोन्ही साकव मधे येऊन थांबले होते. फक्त दोघांचा मध वेगळा होता. सिमेंट संपत होतं तिथून लाकूड सुरू होईपर्यंत चांगलं खाटेच्या दुप्पट लांबीचं नुसतं पाणी होतं.

"केशवा, तुझो साकव आखूड झालो," आबांनी ओरडून सांगितलं.

"तुझो आखूड झालो. मी मधात उभो आसंय."

"मधात मी उभो आसंय. साहेबान टेप लावन मोजल्यान."

"कधी मोजल्यान?"

आबांनी पायाखालच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ओहटीक."

"मी भरतीक मोजलंय," दाजी म्हणाले आणि तेही पाण्याकडे बघायला लागले.

एवढ्यावर भागायला हवं होतं. चार ओंडके टाकले असते तर काम झालं असतं. पण मधाच्या पुढे पाय टाकायचा नाही, असा देवाचा शब्द होता. आबा म्हणाले, उरलेला तुकडा गावाचा. दाजी म्हणाले, उरलेला तुकडा सरकारचा, एवढी हौस आहे तर सरकारने करावा. आबा म्हणाले, सरकार करेल, पण त्यासाठी नवा प्रस्ताव लागेल आणि तो होळीपर्यंत मंजूर होईल. दाजी म्हणाले, त्यापेक्षा कोणीच काही करू नये, ज्याला पलीकडे जायचंय तो आपली वाट आपण शोधेल.

"रस्त्यान वळसो घालून येवा," आयेने सुचवलं.

"देवान साकवावरसून सांगल्यान," दोघंही म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

सगळे गेल्यावर मी सिमेंटच्या टोकावर जाऊन बसले. पलीकडच्या टोकावर सगुण येऊन बसला. अंधार पडायला लागला होता.

"उडी मारू?" त्याने विचारलं.

"मार. पण लंगडो न्हवरो माका नको."

"मगे काय करूचा?"

"माका काय विचारतंस? तुझ्या बापाशीक विचार."

"तो म्हणता, ज्याचा त्याणा बघूचा."

"माझे म्हणतत, अर्ज करूया."

सगुणने ओंडक्याची साल सोलून पाण्यात टाकली. मग म्हणाला, "अनशी, लगीन मोडला तर तू मुंबैक जाशीत?"

"मोडूक कित्याक होया?" मी म्हणाले, पण आवाज माझाच मला पटला नाही. त्या रात्री मी रडले. हातावर मेंदी होती म्हणून डोळेही पुसता येईनात, ते आयेने पुसले.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता ऐन भरतीच्या वेळी. पंचांग बघणाऱ्या पित्रे भटजींना भरतीशी काय कर्तव्य? धुरीवाडीत आमच्या अंगणात मांडव होता, चांगला ऐसपैस, पोफळीच्या लांब वाशांचा, वर झावळं आणि खांबांना आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे. टाळे आबांनी लाल फितींनी बांधले होते. मांडव वाडीतल्या लोकांनी मिळून घातला होता. त्यासाठी आबांनी कोणाकडे अर्ज केला नव्हता आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पलीकडून ताशा वाजत आला. सगुण मुंडावळ्या बांधून लाकडी टोकावर येऊन उभा राहिला, त्याच्या मागे दाजी, त्यांच्या मागे सगळं वऱ्हाड एकामागे एक. मला हार घेऊन सिमेंटच्या टोकावर उभी केली. मागे आबा, मामा, भटजी. मधे पाणी, वर चढत चाललेलं.

"मुहूर्त टळतोय," पित्रे भटजी घड्याळ बघत म्हणाले. "मी मंगलाष्टकं सुरू करतो. तुम्ही तोवर काय ते ठरवा."

"हयसून?" मामांनी विचारलं.

"मंत्राला साकव लागत नाही," भटजी म्हणाले आणि त्यांनी सूर लावला.

अंतरपाट धरायचा कुठे हा प्रश्नच होता. मामांनी तो एकट्यानेच माझ्यासमोर उभा धरला. भटजींचा आवाज पलीकडे पोचत नव्हता, म्हणून प्रत्येक 'सावधान' मामा मोठ्याने तिकडे पोचवत आणि तिकडे ताशा उशिरा वाजे. अक्षता टाकायच्या तर सगळ्या पाण्यात पडत होत्या. मासे वर आले. अशी मेजवानी त्यांना कधी मिळाली नसावी.

पहिलं अष्टक झालं तरी आबा आणि दाजी बोलतच होते.

"सरकार नसता तर तुका साधो रस्तो तरी गावलो असतो?"

"रस्त्यावरच्या खड्ड्यांका पण सरकारच लागता मा?"

"तुझ्या गिरणीवरचे पत्रे कोणी दिले?"

"ते मी मागूक गेलंय नाय. ते आपसून इले."

"पत्रे आपसून येतत?"

"सावधान," मामा ओरडले.

इतक्यात सगुणचा धीर सुटला. हातातला हार त्याने माझ्या गळ्याचा नेम धरून फेकला. नेम त्याचा शाळेपासूनच वाईट. हार पाण्यात पडला आणि भरतीबरोबर वर वर, डोंगराच्या दिशेने जायला लागला. दोन्ही वऱ्हाडं मान वळवून हाराकडे बघत राहिली. माझा सख्खा नवरा हारासारखाच हातचा जाणार, असं मला स्पष्ट दिसलं आणि मग मला जो राग आला, तो आजवर मला पुन्हा आलेला नाही.

मी मागे वळले. "आये," मी म्हटलं, "मांडव सोडा."

"काय म्हणतंस?"

"मांडव सोडा. वासे हाडा."

आयेने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा चढत्या पाण्याकडे पाहिलं. मग तिने शालूचा पदर कमरेला खोचला. तिच्या मागे माझी काकी गेली, आत्या गेली, हळद लावायला आलेल्या सगळ्या बायका गेल्या. अंगणातून झावळं पडल्याचा आवाज आला. मांडव खाली बसला आणि त्यातून बायका लांबलचक वासे खांद्यावर घेऊन निघाल्या. पलीकडे सगुणच्या आईने ते पाहिलं. ती दाजींना बाजूला सारून पुढे आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली. आमच्या बायकांनी वासे पुढे सारले, त्यांच्या बायकांनी धरले. ही कामं त्यांना नवी नव्हती. एरवीही दोन्हीकडच्या बायका व्हाळावरून एकमेकींना नारळ आणि सुके मासे फेकत आलेल्या. बांधायला वेळ नव्हता. वासे नुसते शेजारी शेजारी टेकवले.

"थांबा," आबा पुढे धावले. "पयला सांगा, हो तुकडो कोणाचो?"

"तेच मी विचारतंय," दाजी तिकडून वाशांवर चढले. "पयला मालक ठरवा. मगे चला."

दोघं दोन्ही बाजूंनी आले ते मधोमध समोरासमोर. वासे डुलले. आबांनी दाजींचे खांदे धरले, दाजींनी आबांची कंबर धरली. जो सोडेल तो पडणार, म्हणून कोणीच सोडीना. त्या अवस्थेतही वाद थांबला नाही. दाजींच्या छातीत तोंड खुपसून आबा सांगत होते की अशाच वेळेला सरकार लागतं, आणि दाजी त्यांच्या टोपीवरून सांगत होते की अशी वेळ सरकारमुळेच येते. त्यांच्या पलीकडे सगुण होता, अलीकडे मी. भटजींचं शेवटचं अष्टक सुरू झालं होतं.

एका माणसाच्या रुंदीची वाट आणि तिच्यात दोन म्हातारे मिठी मारून उभे. मी वाशांच्या तोंडाशी गेले.

"मामंजी," मी म्हटलं. तोवर मी त्यांना दाजीच म्हणत होते. "तुमी दरवेळेक सांगतात ता आज करा. वाटेतसून बाजूक जावा."

मग मी आबांच्या पाठीकडे बघून म्हटलं,

"आणि आबा, तुमी दरवेळेक सांगतात ता तुमी करा."

"काय करू?" आबा दबलेल्या आवाजात म्हणाले.

"कायतरी करा."

आबांनी मान वर करून दाजींकडे पाहिलं. दाजींनी खाली पाण्याकडे पाहिलं. दोघांनी काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. वेळच नव्हता. पण दोघांनी एकाच बाजूला एकदमच पाय टाकला, एकमेकांना न सोडता, आणि व्हाळात पडले.

पाणी दोघांच्या गळ्यापर्यंत होतं. वर आले तेव्हा आबांच्या टोपीत अक्षता होत्या. मी वाशांवर पाय ठेवला, पलीकडून सगुणने ठेवला, आणि वासे मधे वाकायला लागले. तेव्हा खालून दोन खांदे लागले. एका बाजूचा आबांचा, दुसऱ्या बाजूचा दाजींचा. दोघं दात आवळून पाण्यात उभे होते आणि आम्ही त्यांच्या डोक्यावरून चालत मधे आलो.

माझ्या हातात एकच हार होता. तो मी सगुणच्या गळ्यात घातला. सगुणने तोच काढून माझ्या गळ्यात घातला. भटजींनी लांबून 'सावधान' म्हटलं, ताशा या वेळी बरोबर वाजला आणि दोन्ही काठांवरून अक्षता आमच्यावर पडल्या. खाली दोघं भिजलेले व्याही त्याच अक्षता खात उभे होते, कारण तोंड मिटायची सोय नव्हती.

"तुझो खांदो खाली जाता," आबा म्हणत होते.

"तुझोच जाता. तू ओहटीक मोजलंस," दाजी म्हणत होते.

जेवणं आमच्या अंगणात उन्हात झाली, मांडव नसल्यामुळे. दोघांना बाजूबाजूला बसवलं होतं, दोघांच्या अंगावर माझ्या काकीची लुगडी गुंडाळलेली. त्यांनी एका ताटातली लोणच्याची फोड ओढाओढी करून खाल्ली.

मी कुबलवाडीत नांदायला आले त्याला आता कितीतरी वर्षं झाली. सिमेंटचा अर्धा आहे तिथेच आहे, त्याच्यावर धक्का असं लिहिलेलं आहे. लाकडी अर्धा दरवर्षी वाहून जायचा आणि दसऱ्यानंतर कुबलवाडी नवा बांधायची. मधला तुकडाही वाहून जायचा. तो बांधायचं काम देवाच्या शब्दाप्रमाणे कोणाचंच नव्हतं. पण दरवर्षी दिवाळीच्या आत तो तिथे असायचा, चांगला घट्ट, माणसं आणि शेळ्या जातील असा. आबांना विचारलं की म्हणायचे, "तुझ्या सासऱ्याचा गाव हुशार, तेणीच बांधलेलो असतलो." मामंजींना विचारलं की म्हणायचे, "तुझ्या बापाशीच्या सरकारान बांधलो असतलो." संध्याकाळी दोघं त्याच तुकड्यावर पाय खाली सोडून बसायचे आणि अंधार पडेपर्यंत सरकार असावं की नसावं यावर भांडायचे. त्यांच्यामुळे वाट अडायची आणि शेळ्यांना मागे जावं लागायचं.

एका दिवाळीत मी ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला साकवाखाली उतरले. टोपली भरून वर पाहिलं तर मधल्या तुकड्याच्या वाशांची खालची बाजू दिसली. प्रत्येक वाशाला सुंभाची गाठ होती, मामंजी गिरणीची पोती बांधतात तशी, दोन फेरे आणि वरून पीळ. त्या प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ होती. जाड वेणी घालून आवळलेली लाल फीत. तशी वेणी माझ्या डोक्यावर शाळेत असेपर्यंत रोज घातलेली होती. एक जण भरतीला यायचा आणि एक ओहोटीला.

मी सगुणला हाक मारून खाली बोलावलं आणि बोटाने दाखवलं. तो चिखलात उभा राहून एकेक गाठ बघत गेला. डोक्यावर तेच दोघं बसले होते. त्यांचे चार पाय आमच्या समोर लोंबत होते आणि आबा मामंजींना सांगत होते की, हा तुकडा जर सरकारने केला नसता तर तू आज कुठे बसला असतास.

"सांगूया त्यांका?" मी हळूच विचारलं.

"गप ऱ्हव," सगुण म्हणाला. "सांगलंस तर साकव पडतलो."

मी तिसऱ्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि आम्ही चिखलातूनच घरी गेलो.